‘अजून चालतील’ म्हणणाऱ्या दाजींना खुले पत्र

श्री. दाजी यांस,


माणूस म्हणून तुमच्याबद्दल माझी तक्रार नाही. ताईला तुम्ही नीट सांभाळता, आईच्या ऑपरेशनला रात्रभर दवाखान्यात बसलात, ते मी विसरलेली नाही. माझी तक्रार तुमच्या गाडीखालच्या चार टायरांबद्दल आहे. ते कधी बदलायचे हे ठरवायचा अधिकार तुम्ही एकट्याने स्वतःकडे ठेवलाय, आणि ठरवायची वेळ आली की दरवेळी ‘अजून चालतील’ म्हणून मोकळे होता. घरात विषय काढला की ‘मेव्हणीचं टायरचं दुकान आहे, ती असंच बोलणार’ म्हणून हसण्यावारी नेता. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. तुमच्यासारखे दाजी, काका, मामा आमच्या सिन्नरच्या दुकानासमोर रोज गाडी उभी करतात. त्यांनीही वाचावं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. टायर माझ्याकडून घेऊ नका. नाशकात घ्या, संगमनेरला घ्या, जिथे तुमचा विश्वास असेल तिथे घ्या. पक्कं बिल घ्या आणि टायर कुठल्या आठवड्यात बनलाय ते बघून घ्या. मला तुमच्याकडून एक रुपयाही नको. म्हणजे तो मुद्दा मिटला.

आता मुद्द्यावर येऊ. गेल्या महिन्यात नागपूरच्या लग्नाला जाताना तुम्ही दुकानापाशी थांबलात. गाडीत तुम्ही, ताई, दोन्ही पोरं, तुमच्या आई, वहिनी आणि त्यांचं बाळ. डिकीत बॅगा छतापर्यंत, वर आहेराच्या पिशव्या. तुम्ही काच अर्धी खाली केलीत आणि आमच्या पोऱ्याला म्हणालात, ‘हवा बघ रे पटकन.’ स्वतः उतरला नाहीत. पोऱ्याने गेज लावला, मी डेप्थ गेज घेऊन वाकले. पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड मोजली तर चार मिलीमीटर. मधली नाळ तीन. मग तुम्हाला स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवायला लावलं आणि आतल्या कडेला हात घातला. तिथे नक्षी नव्हतीच. हात काचेवरून फिरावा तसा फिरला. नाळेच्या तळाशी रबराची जी बारीक आडवी पट्टी असते ती आणि टायरचा पृष्ठभाग एकाच पातळीत आलेले. मी तुम्हाला खाली बोलावलं. तुम्ही उतरलात, बाहेरच्या बाजूला नजर टाकलीत आणि म्हणालात, ‘बटणं दिसतात की अजून.’ आणि निघालात. मुहूर्त गाठायचा होता.

दाजी, बटणं दिसत होती कारण तुम्ही उभे होता. वाकणाऱ्यालाच टायर दिसतो. तुमची गाडी डावा टायर आतून खात होती, म्हणजे चाकांचं अलाइनमेंट बिघडलेलं होतं आणि ते एका दिवसात बिघडलेलं नव्हतं. कुठल्या तरी खड्ड्यात चाक आदळलं असेल, टाय रॉड सैल झाला असेल, त्यानंतर हजारो किलोमीटर तो टायर रस्त्यावर तिरका घासत गेला असेल. स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल तेव्हा तुम्ही ते हाताने धरून ठेवलं असेल. टायरच्या झिजेत गाडीचा सगळा हिशेब लिहिलेला असतो. मध्यभागी घासला तर हवा जास्त. दोन्ही कडा घासल्या तर हवा कमी. एकच कड घासली तर अलाइनमेंट. हात फिरवल्यावर उंचसखल लागलं तर बहुतेक शॉकअप गेलेत. हे वाचायला शिक्षण लागत नाही. आमच्या दुकानात दहावी नापास पोरगा बोटाने सांगतो. तुम्ही इंजिनिअर आहात.

लग्नाहून परत आल्यावर तुमचा निरोप आला: ‘जाऊन आलो सुखरूप. बघ, काही झालं?’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते ऐकून ताईलाही वाटलं की मी उगाच घाबरवते.

तर ऐका. कोरड्या रस्त्यावर गोटा झालेला टायरसुद्धा रस्ता धरतो. कधी कधी नव्यापेक्षा बरा धरतो, कारण जास्त रबर रस्त्याला लागलेलं असतं. शर्यतीच्या गाड्या कोरड्यात बिननक्षीच्याच टायरवर पळतात. आणि म्हणूनच घासलेला टायर फसवतो. मार्च, एप्रिल, मे तो तुम्हाला एकदाही सांगत नाही की मी संपलोय. टायरवर नक्षी कापलेली असते ती पाण्यासाठी. तुमचं नागपूर भर उन्हाळ्यात झालं, कोरड्या काँक्रीटवर झालं. त्या प्रवासाने इतकंच सिद्ध होतं की त्या दोन दिवसांत पाऊस पडला नाही आणि पुढच्याने अचानक ब्रेक मारला नाही.

आता पाऊस तोंडावर आलाय, म्हणून आकड्यांत बोलू. आकडे तुम्हाला आवडतात. तुमचा टायर 235 मिलीमीटर रुंद आहे. रस्त्यावर फक्त एक मिलीमीटर पाणी धरा आणि वेग ताशी 100. तर त्या एका टायरला दर सेकंदाला साधारण साडेसहा लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. पाणी दोन मिलीमीटर झालं की तेरा लिटर. एका सेकंदाला, एका चाकाला. नवा टायर हे पाणी आपल्या आठेक मिलीमीटर खोल नाळांमध्ये घेतो आणि बाजूला, मागे फेकतो. तुमच्या आतल्या कडेला नाळच उरलेली नाही. मग ते पाणी जाणार कुठे? ते टायरच्या पुढे साचतं, पाचरीसारखं खाली घुसतं आणि चाक उचलतं. त्या क्षणी तुम्ही स्टिअरिंग फिरवा, ब्रेक दाबा, देवाचं नाव घ्या, गाडीला काही कळत नाही, कारण ती रस्त्यावर नाही, पाण्यावर आहे.

याचा हिशेब 1963 सालीच मांडला गेलाय. अमेरिकेच्या नासाने विमानांच्या चाकांसाठी तो केला: नाळा पाणी बाहेर काढू शकत नसतील आणि रस्त्यावर पुरेसं पाणी असेल, तर चाक कुठल्या वेगाला तरंगेल हे मुख्यतः टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतं. 33 पीएसआय हवा असेल तर तो वेग येतो ताशी सुमारे 96 किलोमीटर. 25 पीएसआय असेल तर 83. समृद्धी महामार्गावर मोटारींना 120ची मर्यादा आहे आणि तुम्ही ती पूर्ण वापरता, हे मी ताईकडून ऐकते. त्या दिवशी तुमच्या मागच्या एका चाकात हवा 26 भरली होती. आता हे दोन आकडे तुम्हीच शेजारी ठेवून बघा.

तुम्ही म्हणाल, गाडीत एबीएस आहे, सहा एअरबॅग आहेत, ट्रॅक्शन कंट्रोल आहे. शोरूममधल्या पोराने तुम्हाला ते सगळं पाठ करून सांगितलं होतं आणि तुम्ही आम्हा सगळ्यांना. पण एबीएस काय करतो? चाक लॉक होऊ देत नाही, म्हणजे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. रस्ता धरून ठेवणं हे काम रबराचं आहे. रबरानेच पकड सोडली तर एबीएसला सांभाळायला काही उरत नाही. भरलेली तुमची गाडी चोवीसशे किलोच्या आसपास जाते. 33च्या हवेवर एका टायरचा रस्त्याला लागलेला भाग भरतो जेमतेम अडीचशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे दोन पोस्टकार्डांइतका. चार टायर मिळून आठ पोस्टकार्डं. सात माणसं, बॅगा, आहेर, सनरूफ, टचस्क्रीन, सगळं त्या आठ पोस्टकार्डांवर उभं असतं. तुम्ही खर्च केलात तो त्यांच्यावरच्या सगळ्या वस्तूंवर. सीट कव्हर झाली, सबवूफर झाला, काळ्या अलॉय झाल्या. टायर मात्र शोरूममधून आले तेच.

तेच, हे मी अंदाजाने म्हणत नाही. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतर एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. तुमच्या टायरवर 3118 लिहिलंय. म्हणजे 2018 सालातला एकतिसावा आठवडा. सात वर्षं उलटून गेली. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, ऊन आणि हवेतला ऑक्सिजन ते कडक करत जातात. तुमच्या टायरच्या बाजूवर, रिमच्या जवळ, केसासारख्या बारीक भेगा आल्यात. बऱ्याच मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. टायर कंपन्या पाच वर्षांपासून पुढे दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यायला सांगतात आणि दहा वर्षं ही शेवटची हद्द मानतात, मग नक्षी कितीही शिल्लक असो. तुमच्या टायरच्या नावावर नक्षीही नाही आणि वयही झालं. आणि स्टेपनी? ती तर गाडी घेतल्यापासून खालून काढलेलीच नाही. तिच्यावरही तेच वर्ष आहे. रस्त्यात पंक्चर झालं की तुम्ही त्या सात वर्षांच्या टायरवर घरी येणार, तोही हवा कमी असलेला, कारण स्टेपनीची हवा तुमच्याकडे कोणीच बघत नाही.

कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 94वा नियम आहे. मोटारीच्या टायरची नाळ 1.6 मिलीमीटरच्या खाली गेली की तो टायर रस्त्यावर चालत नाही. नाळेतली ती आडवी पट्टी बरोबर तेवढ्याच उंचीची बनवलेली असते, आणि ती कुठे आहे ते शोधायला टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात. 2023 साली समृद्धीवर आरटीओच्या पथकांनी घासलेल्या टायरच्या गाड्या प्रवेशद्वारावरूनच परत पाठवल्या, तेव्हा तुम्ही ‘सरकारला दुसरं काम नाही’ म्हणाला होतात. मला त्या अधिकाऱ्यांचे पाय धरावेसे वाटले होते.

पण दाजी, 1.6 ही टायर बदलायची तारीख समजू नका. ती गुन्हा सुरू होण्याची रेघ आहे. ओल्या रस्त्यावर पकड त्याच्या कितीतरी आधी ढासळते. ब्रिटनमध्ये ब्रेक मारून मोजलंय: नव्या टायरच्या तुलनेत 1.6 मिलीमीटरवर आलेल्या टायरने ओल्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबायला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढीव अंतर घेतलं, आणि गुळगुळीत काँक्रीटवर त्याहूनही जास्त. समृद्धी काँक्रीटची आहे. नव्या टायरवर गाडी जिथे थांबून उभी राहिली असती, त्या जागेवरून घासलेल्या टायरची गाडी अजून चांगल्या वेगात पुढे जात असते. पुढे कुणाचा ट्रक उभा असेल तर त्याच्याखाली जाते. म्हणून आमच्या दुकानात घालून दिलेला नियम असा: पावसाळ्यात घाट उतरणाऱ्या, लांब जाणाऱ्या, घरची माणसं नेणाऱ्या गाडीचा टायर तीन मिलीमीटरवर आला की बदलायचा. आणि मोजायचं मे महिन्यात. पहिला पाऊस पडून गाडी कसारा घाटात घसरल्यावर दुकानात येणारी गिऱ्हाइकं मी बघते, ते वरातीमागून घोडं असतं.

मोजायला डेप्थ गेजच हवा असं नाही. तो दीड-दोनशे रुपयांत मिळतो, पण तुम्हाला तोही जड वाटत असेल तर काडीपेटीतली काडी नाळेत उभी घाला, नखाने खूण करा आणि पोरीच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजा. प्रत्येक टायर तीन जागी: बाहेर, मध्ये, आत. जो आकडा सगळ्यात लहान येईल तो त्या टायरचा. तुम्ही बाहेरचा चार धरून बसलात. तुमच्या टायरचा आकडा आतला आहे.

आता तुमची हवा. उन्हाळा लागला की तुम्ही चाकातली हवा कमी करता, ‘गरमीने फुटू नये’ म्हणून. हे तुम्हाला कोणी शिकवलं माहीत नाही, पण विदर्भाच्या उन्हात, गाडी भरलेली असताना, हे तुम्ही सात जणांच्या जिवावर करता. टायर तापतो तो मुख्यतः त्याच्या लवण्याने. हवा कमी असली की टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात, जास्त तापतात, आतले थर सुटायला लागतात. उन्हाने दाब चार-पाच पीएसआय चढतो हे खरं, पण टायर बनवणाऱ्याने ते धरूनच आकडा दिलेला असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे. त्यावर दोन आकडे आहेत, एक दोन-तीन माणसांचा आणि एक भरलेल्या गाडीचा. हवा बघायची सकाळी, गाडी थंड असताना, आणि लग्नाला निघताना दुसरा आकडा भरायचा. चाळीस किलोमीटर पळवून आणलेल्या गाडीची तापलेली हवा ‘जास्त झाली’ म्हणून सोडून देऊ नका.

मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हे तुमचं दुसरं आवडतं वाक्य. गाडी उंच आहे, वजन वर आहे, म्हणून टायरने दगा दिला की ती छोट्या गाडीपेक्षा लवकर कलंडते. अमेरिकेत हे सगळ्या देशाने पाहिलं. फोर्ड एक्सप्लोरर ही तिथली घरोघरची कुटुंबाची एसयूव्ही. तिच्या फायरस्टोन टायरांचा वरचा थर धावताना सुटायचा आणि गाडी उलटायची. 2000 सालच्या ऑगस्टमध्ये कंपनीने सुमारे 65 लाख टायर परत मागवले. तिथल्या सरकारच्या मोजणीत 271 माणसं गेली. टायर सदोष होते, उष्ण राज्यांत जास्त फुटले, आणि गाडीवाल्या कंपनीने 26 पीएसआय इतकी कमी हवा सुचवली होती म्हणून दोन्ही कंपन्या एकमेकींवर ढकलत राहिल्या. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि काही वर्षांत प्रत्येक नव्या गाडीत हवेचा दाब सांगणारा सेन्सर सक्तीचा झाला. तुमच्या गाडीतही तो आहे. त्याचा पिवळा दिवा गेले कित्येक महिने लागलेला आहे, आणि त्यावर तुम्ही गणपतीचं स्टिकर चिकटवलंय. ताईने फोटो पाठवला तेव्हा माझा विश्वास बसेना.

दसऱ्याला तुम्ही गाडी धुता, झेंडूचा मोठा हार घालता, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढता, चारही चाकांखाली लिंबू ठेवता. मला ते आवडतं, आम्हीही करतो, दुकानातल्या कॉम्प्रेसरलासुद्धा हार घालतो. पण लिंबू ठेवायला तुम्ही चाकापाशी वाकता ना, दाजी? त्याच वेळी आतल्या कडेला हात घातला असता तर गेल्या दसऱ्यालाच कळलं असतं. तेव्हा कदाचित नुसत्या अलाइनमेंटवर भागलं असतं, काही शे रुपयांत. आता दोन्ही पुढचे टायर गेले, ते पैशानेच भरावे लागतील.

पैशांचं बोलते, कारण शेवटी गाडं तिथेच अडतं. तुमच्या मापाच्या चांगल्या टायरला दहा-बारा हजारांच्या पुढे मोजावे लागतात, चार टायर म्हणजे चाळीस-पन्नास हजार. रक्कम मोठी आहे, मी नाकारत नाही. पण टायरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18वर आलाय. ‘जीएसटी कमी होऊ दे, मग बघू’ असं तुम्ही आधी म्हणायचात. झाला. आता ‘बोनस होऊ दे’ म्हणता. काळ्या अलॉय घेताना बोनसची वाट पाहिली नव्हतीत. फोनचा हप्ता दर वर्षी नवा सुरू होतो, तेव्हा हात आखडता घेत नाही. चालढकल फक्त टायरच्या वेळी होते. गाडीत मागच्या सीटवर बसणारं बाळ, तुमच्या आई, ताई, यांच्यापैकी कुणालाही तुम्ही विचारलेलं नाही की अजून पाच हजार किलोमीटर या टायरवर जाऊ का. त्यांना नाळ किती उरली ते माहीत नाही. ते तुमच्यावर विसंबून सीटवर झोपतात. म्हणून मला राग येतो.

सगळे एकदम जमत नसतील तर दोन घ्या. पण मग ते नवे दोन पुढे लावायचा हट्ट धरू नका. ‘स्टिअरिंग पुढे, म्हणून चांगले पुढे’ हे बरेच जण मानतात, काही दुकानदारही मान डोलावतात. पुढची चाकं घसरली तर गाडी वळायची तेवढी वळत नाही, वेग कमी केला की पुष्कळदा परत धरते. मागची घसरली तर शेपूट फिरते, आणि उंच गाडीची शेपूट ओल्या घाटात फिरली की ती सावरणं चांगल्या ड्रायव्हरलाही जमत नाही. नवी जोडी मागे. तुमच्या मागच्या दोघांची नाळ अजून साडेतीन आहे, ते तात्पुरते पुढे येतील, आणि वयाने संपलेत म्हणून दिवाळीआधी तेही जातील. आत्ता पुढचे दोन भंगारात. हे मी तुमच्या खिशाकडे बघून सांगतेय, टायरकडे बघून सांगायचं तर चारही आजच.

आणि दोन गोष्टी करू नका. नाशिक-पुणे रस्त्याला एक जण गरम पात्याने घासलेल्या टायरमध्ये परत नाळा कापून देतो, ‘कट मारून देतो’ म्हणतो, पाचशे रुपयांत. तुमच्या मित्राने मारून घेतलेत म्हणे. मोटारीच्या टायरला त्या खोलीवर रबर शिल्लक नसतं, ते पातं आतल्या तारांपर्यंत जातं. दिसायला नवा, आतून फाटलेला. दुसरं, जुन्या बाजारातून ‘ऐंशी टक्के’ म्हणून मिळणारे टायर. ते कुणाच्या अपघाताच्या गाडीचे आहेत, किती वेळा हवेविना पळालेत, आत किती पंक्चर आहेत, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. वरून काळं पॉलिश मारलेलं असतं. पॉलिश मारलेला टायर मी दुकानात उतरवूनसुद्धा घेत नाही.

ताईशी माझं बोलणं झालंय. पहिल्या पावसाआधी टायर बदलले नाहीत तर ती आणि पोरं तुमच्या गाडीत बसणार नाहीत. आषाढीला पंढरपूरला एसटीने जातील. हे तिने स्वतः ठरवलंय, मी फक्त तिला आतल्या कडेचा फोटो दाखवला. गेल्या आठवड्यापासून गाडीची दुसरी चावी तिच्या पर्समध्ये आहे आणि पहिली कुठे ठेवता तेही तिला माहीत आहे.

नवे टायर बसले की पाचही जागची हवा भरून घ्या, स्टेपनीसकट. अलाइनमेंट, बॅलन्सिंग त्याच दिवशी करा, नाहीतर नवा टायरही आतूनच खाल्ला जाईल. दर दहा हजार किलोमीटरला चाकं अदलाबदल करून घ्या. बिलावर टायरचे ते चार आकडे लिहून घ्या, दोन वर्षं गोदामात पडलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका.

आणि काढलेले जुने दोन टायर मला आणून द्या. ते विकायचा तुमचा विचार आहे हे मला कळलंय, ताईने सांगितलं. तुम्ही ऑनलाइन फोटो टाकाल, कुणीतरी छोटा शेतकरी किंवा टॅक्सीवाला हजार-दीड हजारात घेऊन जाईल आणि त्याच्या घरची माणसं त्यावर बसवेल. बाहेरची बाजू चांगली दिसते, घेणारा तेवढीच बघेल. दोन्हींच्या बाजूच्या भिंती मी करवतीने कापणार आहे, तुमच्यासमोर, म्हणजे ते परत कुठल्याच रिमवर चढणार नाहीत. दुकान सकाळी नऊला उघडतं.

तुमची मेव्हणी,
सिन्नर